ओटीचे तांदूळ

आशीर्वादासाठी तान्हं लेकरू तुम्ही आमच्या मांडीवर देता. मग दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी बसताना अंग का चोरता?

मी तृतीयपंथी. पवनीत खोली घेऊन राहते, हायवेवर धंदा करते. दुसरं काम कोणी दिलं नाही. एचआयव्हीची पत्रकं मी स्वतः वाटली आहेत. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार दिला की तो अंगावर येतो, हे मात्र त्या पत्रकांत नसतं. ताप उतरत नव्हता, तरी तपासणीला जाववत नव्हतं. एकदा गेले होते. पुरुषांच्या रांगेत माणसं हसली, बायकांच्या रांगेत बायांनी लेकरं जवळ ओढली. मी परत फिरले.

नवरात्रात वैनगंगेकाठच्या देवळाबाहेर उभी होते. आत बाया एकमेकींची ओटी भरत होत्या. माझ्या गावी, सानगडीला, आई बायांची ओटी भरायची, तेव्हा मी तिच्या पदराआडून बघायची. कधीतरी माझीही भरेल असं वाटायचं. घर सुटलं, ती आस सुटली नाही.

एक म्हातारी शेतकरीण तांदूळ-नारळ घेऊन माझ्याकडे आली. कपाळाला कुंकू लावताना तिचा हात थबकला.

"पदर पसर वं माय."

"आजी, मी कोन आहो, दिसून नाही राहिलं का?"

"दिसून राहिलं ना. तापानं फणफणून राहिली तू. पदर पसर, मंग दवाखान्यात जाऊ."

मी पदर पसरला. दवाखान्यात बाकावर ती मला लागून बसली. ही कोण लागते, असं समोरच्या बाईने विचारलं. "लेक होय माही," ती म्हणाली आणि पान लावत राहिली. तपासणीला मी एकटीच आत गेले. एचआयव्ही निघाला. बाहेर आले तर ती तिथेच. ओटीचे तांदूळ आजच शिजवजो म्हणाली, आणि सानगडीच्या गाडीत बसून गेली.

ती कोण, हे मी शोधलं नाही. देवीला रोज हात जोडते, गोळी रोज घेते. ताप उतरला. शरण जायला केवढा धीर लागतो, हे पदर पसरताना कळलं. आईची हाक अजून आलेली नाही; सानगडीची गाडी दिसली की पाय थांबतात.

तुमच्या गावात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला नुसता तपासणीचा सल्ला देऊ नका. सोबत जा. तिचं नाव पुकारेपर्यंत बाकावर तिला लागून बसा.