मायचा डावा गुडघा

आमची माय दिसायच्या आधी ऐकू यायची. माय म्हणजे माझी सासू. पाऊल टाकलं की तिचा गुडघा 'टक्' करायचा. एकदा उजवा, एकदा डावा. कळसाडीच्या आमच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया तो आवाज आला की तोंडातली तंबाखू थुंकून कामाला लागायच्या. मीही स्वयंपाकघरात आधी डोक्यावरचा पदर सावरायची, मग वळायची. चोरपावलांनी येऊन सुनेला पकडायचं सुख त्या बाईच्या नशिबी नव्हतं.

दुखायचंही खूप. एरंडाची पानं तव्यावर गरम करून ती गुडघ्यांना बांधायची आणि कुणी त्या टकटकीबद्दल विचारलंच तर म्हणायची, "गुडघा बोली ऱ्हायना. बोलू दे त्याले."

माझे सासरे, आबा, यांची दृष्टी काचबिंदूनं गेली होती. दिवसभर ते ओसरीवरच्या खाटेवर पाय पसरून बसलेले असत. पाऊल वाजलं की विचारायचे, "कोन शे?" मुलगा असो, दूधवाला असो, मी असो. मी तर दिवसातून वीस वेळा "मी शे, आबा" म्हणायची. मायला मात्र त्यांनी हे कधीच विचारलं नाही. ती टकटक जवळ आली की ते मुकाट्यानं पाय आखडून घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी ती बसायची. दोघं फारसं बोलायचीही नाहीत. खरं सांगते, मला त्या जागेचा हेवा वाटायचा.

शेवटी तिला पायरी चढवेना, तेव्हा आमच्या ह्यांनी तिला सुरतेला नेलं. तिथे रोबोटच्या मदतीनं गुडघे बदलतात. आधी स्कॅन काढून तिच्या हाडांचं चित्र संगणकावर उभं केलं. डॉक्टर ते चहूबाजूंनी फिरवून दाखवत होते: झीज कुठे झाली, किती मिलिमीटर कापायचं, पाय किती सरळ होईल. सगळं तिच्याच हाडाच्या मापानं. आखलेल्या रेषेबाहेर जाऊ लागलं तर यंत्रच हात अडवतं, असंही ते म्हणाले. माय पडद्याकडे बघत राहिली. "हाऊ मन्हा पाय शे? इतला वाकडा लीसन फिरनू मी?" उजवा आधी आणि डावा तीन महिन्यांनी, असं ठरलं.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी तिला चालवलंसुद्धा. घरी आली तशी वॉकर धरून ती थेट आबांच्या खाटेकडे निघाली. फरशीवर वॉकर खरखरत होता. आबांनी मान वळवली आणि विचारलं, "कोन शे?"

माय जागच्या जागी थांबली. "मी शे," असं म्हणायला तिला बराच वेळ लागला. हे दोन शब्द मी रोज म्हणत होते, तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

पुढे वॉकर सुटला. उजवा पाय मुका झाला होता, डावा तेवढा वाजायचा. आबा गमतीनं म्हणाले, "अर्धीच उनी का?" अर्धीच माय आली म्हणून आम्ही सगळे हसलो. माय हसली नाही.

तीन महिन्यांनी ती सुरतेला जायला तयार होईना. भीती वाटते, म्हणाली. ह्यांनी समजावलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. एकदा भाकरी थापताना आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं. ती ओसरीकडे बघत म्हणाली, "त्या यंत्रले काय माहीत, हाऊ पाय कोनाकडे जास ते? उजवा मन्हा व्हता, तो दिधा. डावा त्यास्ना शे." मग पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला. "कोनले सांगू नको."

मी नाही सांगितलं. पुढची दोन वर्षं तो गुडघा सुजून टम्म व्हायचा. शेवटी शेवटी ती ओसरीची पायरी बसून उतरायची. मी एक वाक्य बोलले असते तर ह्यांनी तिला उचलून गाडीत घातलं असतं. मी बरोबर वागले की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही. गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापात माय गेली. अंथरूण धरेपर्यंत ओसरीवर तो एकच 'टक्' जात होता आणि आबा पाय आखडून घेत होते.

ती गेल्यावर घर नीट शांत झालंच नाही. अंगणात रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उन्हात तडकल्या की आबा मान उचलतात. मीही गॅस बारीक करून ऐकत राहते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी हात पदराकडे जातोच.

आता माझा डावा गुडघा दुखू आणि वाजू लागला आहे. ह्यांनी त्याच डॉक्टरांना दाखवलं. माझ्याही हाडांचं चित्र पडद्यावर फिरलं, सोमवारची तारीख मिळाली. परवा दुपारी मी आबांचा चहा घेऊन ओसरीवर गेले. त्यांनी "कोन शे?" असं विचारलं नाही. हळूच पाय आखडून घेतले.

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, सासऱ्यांच्या खाटेवर मी कधी बसलेली नाही. आमच्यात सुना बसत नाहीत. कप तसाच हातात धरून मी उभी राहिले.

"बहू दिन लागनात तुले," आबा म्हणाले.

मी शे, आबा, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मी काही न बोलता त्या जागेवर बसले.

सोमवारी सुरतेला निघायचं आहे. आज सकाळी मी ह्यांना सांगितलं, मला भीती वाटते.