ज्योतीरामचं मडकं

“हात मडक्यात घाला, माझ्या तोंडाकडं बघू नका.”

हे ज्योतीरामचं नेहमीचं बोलणं. शिफ्ट सुटली की चिंचवडच्या पंपाच्या कारखान्याच्या फाटकावर तो रोज हेच म्हणायचा, आणि म्हणताना स्वतःही कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही.

ज्योतीराम आमच्या पुनावळे गावचा. वाळल्या बाभळीसारखा ताठ. बायको तानुबाई लवकर गेली, मूलबाळ झालं नाही. सदुसष्ट साली तो फाटकावर राखणदार म्हणून लागला, तेव्हा त्याचा लहानपणचा मैतर वजीर तिथंच लेथ मशीनवर कामाला होता. वजीरच्या सायकलीच्या कॅरियरवर बसून ज्योतीराम कामावर जायचा, तसाच परत यायचा. वाटेत नदीपाशी उतरून दोघं विडी ओढायचे. घरी वजीरची मदिना कालवणाची एक वाटी त्याच्यासाठी झाकून ठेवायची. एकट्या माणसाला गावाकडं परतायला तेवढं निमित्त पुरत होतं.

मग कारखान्यातली, पंपात बसवायची छोटी पितळी कडी नाहीशी व्हायला लागली. जेवणाच्या डब्यातून, कमरेच्या कनवटीतून मूठमूठ जायची आणि भंगारात वजनावर विकली जायची. साहेबांनी हुकूम काढला, सगळ्यांची झडती घ्या. पहिल्याच संध्याकाळी कामगार फाटकात बसले. “आमी काय चोर हाय?” म्हणाले, आणि उठेनात.

ज्योतीराम साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, “साहेब, झडती थोड्यांचीच घ्या. पण माणसानं माणूस निवडला की राग येतो. निवडायचं काम मडक्याला द्या.”

त्यानं मडकंभर चिंचोके आणले. थोडे दगडावर घासून पांढरे केले, बाकीचे तपकिरी तसेच ठेवले. घरी जाताना प्रत्येकानं न बघता एक काढायचा. तपकिरी निघाला तर सरळ घरी, पांढरा निघाला तर शेजारच्या खोलीत झडती. चिंचोक्यांनी खेळत वाढलेली माणसं ती, त्यांना हे पटलं.

“आणि तुझा तो मित्र?” साहेबांनी सहज विचारलं.

ते सहज विचारणं ज्योतीरामला लागलं. दुसरा नियम त्यानं आपल्याच तोंडानं घातला. फाटकावरच्या माणसानं कुठल्याच कामगाराबरोबर खायचं नाही, बसायचं नाही, जायचं-यायचं नाही. एवढं साहेबांनी मागितलंही नव्हतं.

सकाळी वजीर सायकल घेऊन दारात आला.

“बस की.”

“न्हाई. तू हो म्होरं.”

“अरं, हितं कोण बघतंय?”

“मी बघतोय.”

त्या दिवसापासून ज्योतीराम पायी जाऊ लागला. ईदेला मदिनानं शिरखुर्म्याचा डबा धाडला, तो त्यानं न उघडता परत केला. संध्याकाळी चूल पेटवायचा, भाकरी थापायचा आणि दाराकडं पाठ करून जेवायचा. गावातले लोक म्हणायचे, माणूस सोन्यासारखा, पण त्याच्याशी बोलायला गेलं तर नियम आडवा येतो.

वजीरच्या हाताला मात्र पांढरा चिंचोका वरचेवर लागायचा. रांगेतले हसायचे. “वजीरभाऊ, तुमचं नशीबच पांढरं.” तो मुकाट्यानं खोलीत जायचा. ज्योतीराम त्याचे खिसे चाचपायचा.

“शेळी व्याली काल,” वजीर म्हणायचा. “दोन पिल्लं हायती.”

“बोलायचं न्हाई.”

“तू नको बोलू. तू खिसं बघ. एक पिल्लू कपाळावर चांदाचं हाय.”

ज्योतीराम खिसे बघायचा. रिकामा खिसा परत बघायचा. बाकीच्यांची झडती चटकन व्हायची, वजीरची लांबायची.

अशी वर्षं गेली. पण कडी काही जायची थांबली नाहीत. साहेब म्हणाले, “ज्योतीराम, पांढरा निघालेल्या कुणाकडंच कधी काही सापडत नाही, हे कसं?” पुढच्या सुट्टीच्या दिवशी फाटकावर ज्योतीराम एकटाच होता. रस्त्याकडं बघत त्यानं मडक्यात हात घातला. आजवर घातला नव्हता, राखणदाराला ते लागू नव्हतं. बोटं एका चिंचोक्यावर थांबली. बाकीचे तुळतुळीत होते, हा खरबरीत. न बघताच त्याला कळलं, पांढरा. त्यानं दुसरा शोधला, तोही पांढराच निघाला.

म्हणजे सगळ्यांच्याच बोटांना कळत होतं. चोर पांढरा टाळत होते. आणि लेथवर केसाएवढा फरक ओळखणाऱ्या बोटांचा वजीर तो मुद्दाम शोधून काढत होता. चोरांतला एकही त्या खोलीत येत नव्हता. येत होता तो दोन शब्द बोलायला आलेला मैतर.

ज्योतीरामनं मडक्यातून हात काढला. कुणाला सांगितलं नसतं तर चाललं असतं. साहेबांना कळणार नव्हतं. पण फाटक त्याच्या हातात दिलेलं होतं.

तो उठला. कासारवाडीला जाऊन एका दुकानातून काचेच्या गोट्या आणल्या. निळ्या आणि पांढऱ्या, हाताला सगळ्या सारख्या. चिंचोके बांधावर ओतून टाकले.

दुसऱ्या संध्याकाळी वजीरची पाळी आली. त्यानं हात घातला आणि तो हात आत फिरतच राहिला.

“काय वजीरभाऊ, लोणचं कालवताय का?” मागून कुणीतरी म्हणालं.

वजीरनं हात बाहेर काढला. गोटी निळी होती. त्यानं ज्योतीरामच्या तोंडाकडं बघितलं.

“कवा बदललंस?”

“काल.”

“मला ठाऊक व्हतं तुला कळंल म्हणून,” वजीर म्हणाला. “पर इतक्या उशिरानं कळंल वाटलं न्हवतं.”

ज्योतीरामनं मान वळवली. “जा. निळी हाय तुजी.”

त्या संध्याकाळी एकाच्या डब्यात कडी सापडली. साहेबांनी ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. ज्योतीरामनं किल्ल्या बदलीवाल्याला दिल्या, काठी घेतली आणि बाहेर पडला.

फाटकाबाहेर वजीर सायकल धरून उभा होता. कॅरियरवरची धूळ त्यानं रुमालानं पुसून ठेवली होती. कामगार अजून बाहेर पडत होते, येणारा जाणारा दोघांकडं बघत होता. ज्योतीराम त्याच्या पुढून गेला. पाऊल जरा अडखळलं, पण थांबलं नाही. नदीच्या रस्त्याला लागला तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि त्याची सावली त्याच्याहून लांब होऊन मागं, वजीरच्या बाजूला पडली होती.

कारखान्यासमोरचा रस्ता रिकामा झाला तरी वजीर तिथंच उभा राहून बघत होता.