दोन घरांचं गाव

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. अमेरिकेत शिकायला येऊन मला वर्ष होत आलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील फॉर्म हाती आला की अजूनही छातीत धडधडायचं. आणि सुट्टीत कामही नेमकं फॉर्म भरण्याचंच मिळालं. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीला रस्त्यावरच्या पाट्या बदलायच्या होत्या. ज्या गावात निदान दोन घरांत माणसं राहतात त्याला हिरवी पाटी; नाहीतर तपकिरी, म्हणजे ‘ऐतिहासिक स्थळ’. मी गाडीने हिंडून घरं मोजायची.

मक्याच्या शेतांपलीकडच्या एका गावात मी गाडीतूनच अकरा कुटुंबं मोजली. अनोळखी दार ठोठावायचा मला संकोच वाटे. शिवाय प्रत्येक घरामागे कपडे वाळत होते, आणि आमच्याकडे दोरीवर धुणं दिसलं की घरात कोणी आहे का, हे विचारावं लागत नाही.

“अकरा?” कचेरीतले साहेब हसले. “गाई पण धरल्यास काय? परत जा, आणि या वेळी खाली उतर.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी उतरलो. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पहिल्या घरामागे बाळाची झबली होती. कालचीच, पण आज ओली. इतकी विरलेली की त्यांच्यातून पलीकडचं शेत दिसत होतं. दोन दारं ठोठावली, उत्तर नाही. तिसऱ्या घरामागे एक म्हातारी पुरुषाचा शर्ट वाळत घालत होती.

“मॅम, या घरात कोण राहतं?”

“माझा दीर आणि त्याची बायको.”

“आत आहेत का?”

“टेकडीवर आहेत. सगळे तिथेच असतात.” तिने हात केला तिकडे चर्च होतं, आणि चर्चमागे थडगी.

“मग हे कपडे?”

“न वापरलेले कपडेही मळतात, पोरा.”

माझ्या हातातला फॉर्म तिने पाहिला. “तपकिरी पाटी लावणार ना तुम्ही? मी आहे की अजून!”

“पण दोन घरं लागतात, मॅम.”

ती मला शेजारच्या घरात घेऊन गेली. पलंगावर स्वच्छ चादर होती. उशीत खळगा होता, कोणी नुकतं उठून गेल्यासारखा. टेबलावर एकच ताट मांडलेलं.

“इथे तुझं नाव लिही,” फॉर्मवर बोट ठेवून ती म्हणाली. तिची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. ताट जरा सरकवून मी फॉर्म टेबलावर ठेवला. मग लिहिलं.

“जेवण सहाला असतं. येशील ना?”

“हो,” मी म्हणालो.

पाटी हिरवीच राहिली. त्या खोट्या नोंदीबद्दल मी स्वतःला काहीबाही समजावू शकतो. त्या ‘हो’बद्दल अजून जमलेलं नाही. सहा वाजता मी दूर, हॉस्टेलवर जेवायला बसलो होतो. तिकडे माझी वाट पाहिली जात होती, आणि वाट पाहणारी ती एकटीच असेल असं काही केल्या वाटेना.