शंभरातले ब्याण्णव

भाचरं तिला जाळपोळ मावशी म्हणायची. नोकरीच तशी होती. प्रयोगशाळेत आलेलं मलम, अत्तर, व्हॅनिला, जे येईल त्यातलं चिमूटभर ती जाळायची आणि निघालेला वायू यंत्राला द्यायची. झाडापासून आलेल्या वस्तूत हवेतला किरणोत्सारी कार्बन थोडासा असतोच. खनिज तेलातला केव्हाच संपलेला असतो. यंत्राने तो मोजला, की "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणणाऱ्याचं पितळ उघडं! अठ्ठावीस वर्षांत तिने भल्याभल्यांची जिरवली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात मजा यायची.

त्या आठवड्यात मात्र भलतंच झालं. नमुन्यावर नुसता क्रमांक असतो, त्यामुळे आपण कोणाचा साबण जाळतोय हे तिला ठाऊक नव्हतं. निकाल आला, ब्याण्णव टक्के वनस्पतीजन्य. आणि संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन.

"ताई, दुकानदार म्हणतो माझा साबण तपासणीत ब्याण्णव टक्केच निघाला, भेसळ आहे. शनिवारपर्यंत सगळा माल परत ने म्हणाला. तुझी शपथ, तेल आणि क्षार सोडून मी काही घातलं नाही गं!"

नवरा गेल्यावर धाकटी पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभी राहत होती. ताईचा जीव कळवळला. यंत्र खोटं बोलत नाही. पण ही तरी कुठे बोलते?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती धाकटीच्या स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसली.

"माझ्याकडे बघू नकोस. रोजच्यासारखं कर."

तेल तापलं, क्षाराचं पाणी ओतलं गेलं. ताईने एकूण एक बाटली तपासली. सगळं चोख. मग धाकटीने कपाटातून आणखी एक बाटली काढली आणि कापसाच्या बोळ्याने साचे आतून पुसले.

"हे काय?"

"पॅराफिन तेल. वडी चटकन सुटते."

"अगं, खनिज तेल ते! वडीच्या अंगाला लागतं, आणि आम्ही नमुना वरूनच खरवडतो. कोणी शिकवलं तुला हे?"

धाकटी गोंधळली. "तूच की. लहानपणी मेणबत्त्या करायचो तेव्हा."

 ताईने साचे ओढून घेतले, खसाखसा घासले, एरंडेलाचा हात फिरवला आणि दुकानदाराला फोन लावला.

"साबणवालीची मोठी बहीण बोलतेय. नव्या वड्या पाठवतोय, दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. चूक सापडलीय." तिने धाकटीकडे बघितलं. "माझी आहे."