हात यायच्या आत

वसईपासून विरारपर्यंत असा दुकानदार नसेल, ज्याने माझ्या साडूंना पायरी चढताना पाहून गल्ला नोकराकडे सोपवला नाही आणि स्वतः मागच्या दाराने चहाला गेला नाही. साडू भांडखोर नव्हते. ते भावसुद्धा करत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच, की वस्तूला तिचं खरं काम करायला लावल्याशिवाय ती घेऊ नये. कुकर घ्यायला गेले ते घरची तूरडाळ भिजवून डब्यात घेऊन, आणि शिट्ट्या होईपर्यंत दुकानातच बसून राहिले. छत्री त्यांनी आगाशीच्या बाजारात नळाखाली उघडून पाहिली. चपला घालून ते सुटलेल्या एसटीमागे धावले. बस मिळाली, म्हणजे चपला पास झाल्या. पण पुढच्या थांब्यावर उतरून पैसे द्यायला परत येईपर्यंत चप्पलवाला अर्ध्या बाजाराला त्यांचं वर्णन सांगून मोकळा झाला होता.

अशा माणसाने डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात नोकरीला, त्यामुळे कॅमेऱ्यातलं मला कळतं असा सासुरवाडीत समज होता. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि खिशात मावणारे, रोल न लागणारे कॅमेरे विरारच्या दुकानांत दिसू लागले होते. मी मेगापिक्सेल, झूम, सेल किती वेळ टिकतो, असं रीतसर सांगितलं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक. पण हात यायच्या आत फोटो निघेल का?"

हात म्हणजे त्यांच्या बायकोचा, माझ्या मेहुणीचा. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. ताईंच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती. निर्मळच्या शाळेत पोरी त्यांना 'खिडकी' म्हणत. तेव्हापासून हसू आलं की हसण्याआधी त्यांचा हात तोंडावर पोचायचा. लग्नाच्या अल्बममध्ये उखाण्याचा फोटो कुठला आणि पाठवणीचा कुठला, हे साडीच्या रंगावरूनच ओळखावं लागतं. फोटोग्राफरला त्या दिवसभर रडताहेत असंच वाटलं होतं. साडूंनी तो हात नसलेलं हसू एकदाच पाहिलं होतं, मुलगी बघायला गेले तेव्हा. साडू देशावरचे. केळीच्या वाडीतून चालताना वर लोंबणारे घड बघत राहिले आणि पाण्याच्या पाटात सपशेल पडले. चिखलाने माखलेले उठले आणि भावी सासऱ्यांना अदबीने म्हणाले, "पाणी गोडं आहे हो तुमचं." ओट्यावर पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी खळखळून हसली. पुढचा कार्यक्रम साडूंनी ओल्या पँटमध्ये बसून पार पाडला, पण होकार त्यांनी पाटातच दिला होता.

"आई गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला, तर मिळाला रेशनकार्डाचा," ते मला एकदा म्हणाले. "आयुष्यभर हसवत आली ती बाई, आणि आता भिंतीवरून रॉकेल मागितल्यासारखी बघते. हिचं तसं होऊ देणार नाही."

मग परीक्षा सुरू झाल्या. ज्याच्याकडे कॅमेरा, त्याच्याकडून साडू तो रविवारपुरता मागून आणत. फुलपाड्याच्या त्यांच्या घरी ताई भाजी निवडत बसलेल्या असत. साडू समोर बसून गंभीरपणे म्हणत, "पाणी गोडं आहे हो तुमचं," आणि बटण दाबत. इतक्या वर्षांनंतरही ताईंना हसू यायचंच. पण ते कॅमेरे बटण दाबल्यावर आधी विचार करत, मग डोळा उघडत. तेवढ्यात हात पोचलेला असे. "हा कॅमेरा नाही, सरकारी कचेरी आहे," साडू म्हणत. "अर्ज आज द्या, काम उद्या." मात्र एक गोष्ट ते शिकले. हसण्याच्या किंचित आधी ताईंचे डोळे बारीक होतात. बटण तेव्हाच दाबायचं. पण ताईंच्या हातालाही ते कळायचं.

शेवटी विरार स्टेशनजवळच्या एका दुकानात साडू ताईंनाच घेऊन गेले. मीही होतो. मालक पळून जाऊ शकला नाही, कारण नोकर रजेवर होता. त्याने एकेक कॅमेरा काढला. साडूंनी एकेकाला नापास केलं.

"काका, घ्यायचाय ना नक्की?"

"घ्यायचाय म्हणून तर बघतोय."

"अहो, पुरे झालं," ताई म्हणाल्या. "लोक बघतायत."

मालक स्टुलावर चढला, वरच्या फळीवरचे खोके उतरवून ताईंच्या हातात देत गेला. "ताई, जरा धरा. हा पण धरा." खोके हनुवटीपर्यंत आले. साडूंच्या हातात तेव्हा काउंटरवरचा दाखवायचा कॅमेरा होता, दुकानातला सगळ्यात स्वस्त आणि मंद. त्यांनी ताईंकडे पाहिलं. दोन्ही हात भरलेले.

"पाणी गोडं आहे हो तुमचं," ते हळूच म्हणाले.

डोळे बारीक झाले. हात निघाला, पण खोक्यांखाली अडकला.

आम्ही तिघांनी मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. फटीसकट सगळं हसू आलं होतं.

"हाच द्या," साडू म्हणाले.

"काका, हा डिस्प्लेचा पीस आहे. चरे पडलेत. फोटो कॉपी करून देतो, नवीन पीस घ्या."

"आणि कॉपी करताना उडाला तर? ती याच्यात आहे. हाच द्या."

तो कॅमेरा कधीच बंद पडला. फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे. ताईंनी सुरुवातीला त्याच्यावर कॅलेंडर टांगायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. मध्यंतरी त्यांना कवळी बसली. आता त्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोंडभर हसतात, हात मांडीवर ठेवून. मी साडूंना म्हटलं, "आता कसले फोटो येतात हो ताईंचे!"

"छान येतात," ते म्हणाले. "कुणीही काढतं."

पण मी पाहिलं आहे. घरात गप्पा रंगल्या की साडूंचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर असतो. आणि त्यांचं एक बोट त्या लाकडावर अलगद दाबलं जातं, ताई हसायच्या किंचित आधी.