गाठी तीन, शब्द एक

वनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आईच्या पदराला मारलेल्या गाठी सोडत बसले होते. वनिता आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स, माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. सकाळी ड्यूटीवर निघता निघता छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला रडू यायला हवं होतं. पण तोंडून निघालं ते, "आता आईला कोण सांगणार?" आणि पाठोपाठ मनात आलं, माझ्या जाण्याची बातमी आईला सांगताना कुणाला एवढा विचार पडला असता का... महिना उलटला, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आई चिंचणीची. सगळा जन्म मासळी वाळवण्यात आणि विकण्यात गेला. वडील गेल्यावर मी तिला तलासरीला माझ्याकडे आणलं; मी इथल्या शाळेत शिक्षिका, आईसाठी मात्र नुसती सुनू. आईला लिहिता-वाचता येत नाही. कुणाला सुके बोंबील पोचवायचेत, कुणाच्या बारशाला जायचंय, जे लक्षात ठेवायचं त्यासाठी पदराला एक गाठ, ही तिची जुनी रीत. २०१७ च्या सुमारास केंद्रात बीपीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्तीही तपासायला लागले. ते काम वनिताकडे होतं. तिने आईला तीन शब्द सांगितले: होडी, चिकू, घंटा. "आजी, थोड्या वेळाने परत विचारीन हं." मग आज वार कोणता, जेवायला काय केलं होतं, माशांची नावं सांगा. माशांची नावं आईने अशी घडाघडा म्हटली की मी ऐटीत बसले. पण ते तीन शब्द विचारल्यावर आईने पदर पुढे केला. पदराला तीन गाठी. पहिलीवर बोट ठेवून म्हणाली, "होडी." दुसरी चाचपली, तिसरी चाचपली, परत दुसरी...

"आजी, गाठी तीन आणि शब्द एकच?" वनिता हसली. आईही हसली. मला हसू आलं नाही. "वय झालंय हो सिस्टर," मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "एवढ्यावरून काही ठरत नाही, मॅडम. पण मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि आजींना कमी ऐकू येतं, ते माहीत आहे ना तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. एका घरात राहून मला नव्हतं, आणि हिला अर्ध्या तासात कळलं.

पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, कानाला यंत्र आलं, बीपी ताळ्यावर आलं. वनिता महिन्यातून एकदा घरी चक्कर मारायची, येताना मांदेली घेऊन यायची. आईचे हात काही विसरले नव्हते. दोघी मासे साफ करत बसायच्या. मी शाळेतून यायचे तेव्हा स्वयंपाकघरातून हसणं ऐकू यायचं आणि मी आत पाऊल टाकलं की दोघी गप्प. "काय चाललं होतं?" "काय नाय." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. न्हाऊ घालायचं मी, रात्री उठायचं मी, आणि गोडवे वनिताचे. कानातलं यंत्र मी लावायला गेले की आई हात झटकायची, वनिता येणार म्हटलं की स्वतः शोधत फिरायची. या उन्हाळ्यात एका सकाळी आईने मला विचारलं, "तू कोणाची गो?" आणि त्याच दुपारी दारात वनिताला बघून म्हणाली, "आली माझी वनिता." मी त्या दिवशी वनिताला चहासुद्धा विचारला नाही. ते तिला कळलं असावं. चप्पल घालता घालता म्हणाली, "मॅडम, मी त्यांना अंघोळ करा, गोळी घ्या असं काही सांगत नाही ना, म्हणून मी लाडकी." खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मला तिचा हेवा वाटायचा. ती गेली तरी तो गेला नाही.

बातमी मी आईला सांगितलीच नाही. गेल्या आठवड्यात मांदेली आणली आणि वासाचा तिटकारा असूनही साफ करायला बसले. आई शेजारी येऊन टेकली, यंत्र माझ्यापुढे धरून म्हणाली, "लावून दे गो, वनिता." मी लावून दिलं. मी वनिता नाही हे सांगणार होते, तेवढ्यात तिने आवाज खाली आणला. "माझी सुनू येल आता शाळेतून. दमते गो ती. माझा सगला करते नि स्वतः येलेवर जेवत नाय. तिच्यासमोर नाय बोलत मी, रागावते ती."

म्हणजे हे चालायचं त्यांचं. इतकी वर्षं आई माझ्याबद्दल बोलत होती, आणि ऐकायला वनिता होती... ऐकताना डोळे भरून आले, आणि तरीही पहिल्यांदा वाटला तो हेवाच.

"तिला सांग, आधी जेव म्हणावं," आई म्हणाली. "विसरशील हां तू." आणि माझा पदर ओढून तिने त्याला घट्ट गाठ मारली.

ती साडी मी अजून धुतलेली नाही, खुंटीवर तशीच आहे. गाठ माझ्या पदराला असली तरी निरोप वनिताकडे दिलेला आहे. शाळेतून आले की मी त्या गाठीकडे एकदा बघते, आणि आधी जेवायला बसते.