तिसरा फिंजान मी घेतला नाही

मी सैन्यात चोवीस वर्षं काढली. त्यातले अकरा दिवस संयुक्त अरब अमिरातीत होतो. लोकांना चोवीस वर्षांबद्दल काही विचारायचं नसतं, त्या अकरा दिवसांबद्दल विचारायचं असतं. ‘दुबई कशी आहे हो, पवार?’ दुबई मी बसच्या खिडकीतून पाहिली, पंचवीस मिनिटं. मरीनाचे टॉवर आले आणि गेले. पुढे सगळी वाळू. त्या वाळूत एका माणसाने मला जेवू घातलं आणि त्याच दिवशी शत्रूच्या हाती दिलं. ती हकिगत सांगतो.

तेव्हा मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. आमच्या कंपनीला तिथल्या सैन्याबरोबर युद्धसराव करायची ऑर्डर आली आणि बराकीत लग्नघरासारखी धांदल उडाली. कुणी गॉगल घेतला, कुणी अत्तराची यादी केली. मी दोन किलो चहापूड घेतली. आमचे क्वार्टरमास्टर म्हणाले, “पवार, तिकडे टपरी टाकणार काय?” मी म्हणालो, “सर, चहाशिवाय माझं डोकं चालत नाही.” ते म्हणाले, “चहा घेऊनही फारसं चालताना दिसलं नाही.” चांगला माणूस होता.

सरावाची जागा म्हणजे वाळवंटात उभारलेलं एक नकली गाव. सिमेंटची चाळीस घरं, एक शाळा, पाण्याची एक टाकी, एक जनरेटर आणि भाड्याने आणलेल्या अकरा शेळ्या. तिथला आमचा मार्गदर्शक सार्जंट सालेम, अमिराती माणूस. त्याची हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध होती, हे मी कंपनीत कुणाला कळू दिलं नाही.

गावात ‘गावकरी’ म्हणून बत्तीस माणसं आणली होती. दुबईजवळच्या जबल अलीच्या गोदामांतले कामगार. एका मनुष्यबळ कंपनीने आठवड्याभरासाठी पाठवलेले. रोज पहाटे कंपनीच्या बसने यायचे, अरबांचे पायघोळ कंदुरे चढवायचे आणि गावकरी व्हायचे. त्यांचा मुखिया झालेला माणूस पन्नाशीचा, पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या नावाची पट्टी वाचली.

“पवार? कुठले, हवालदारसाहेब?”

“सातारा जिल्हा. माण.”

“मी हसन. हर्णैचा. चला, या वाळूत कुणीतरी मराठीत शिव्या देणारा भेटला.”

हसनभाई बावीस वर्षं आखातात होता. सुरुवातीला एका म्हाताऱ्या अरबाकडे ड्रायव्हर, नंतर गोदामात स्टोअरकीपर. धाकटी मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, म्हणून तो फार जपून वागत होता. त्यांच्या सुपरवायझरने माझ्यादेखत सगळ्यांना बजावलं होतं, “स्क्रिप्टमध्ये लिहिलंय ते करायचं. गावाने ब्लू फोर्सला लपवायचं. ज्याने स्क्रिप्ट सोडली त्याला मी परत पाठवणार, आणि कंपनीतही ठेवणार नाही. खलास.” हसनभाईने सगळ्यांत आधी मान डोलावली.

ब्लू फोर्स म्हणजे आम्ही. रेड फोर्स म्हणजे कॅप्टन राशिदची अमिराती कंपनी. त्यांच्याकडे चिलखती गाड्या, आमच्याकडे पाय. सगळ्यांच्या अंगावर लेझरचे पट्टे. गोळी लागली की पट्टा टीं टीं करतो आणि तुम्ही मेलात. मेलेल्यांसाठी वेगळा तंबू होता. तिथे खुर्च्या होत्या, पंखा होता, संत्री होती. त्यामुळे माझ्या मशीनगनवाल्या सावंतला मरणाची फार घाई असायची.

तिसऱ्या दिवशीचं माझं काम सोपं होतं. ०६०० वाजता दहा जणांनी गुपचूप गावात शिरायचं. मुखियाच्या घरात रेडिओ लावून बसायचं आणि रेडच्या हालचाली कळवायच्या. १६०० वाजता आमची कंपनी हल्ला करणार. तोपर्यंत आम्ही सापडलो नाही, तर सराव आमचा.

०६१० ला आम्ही हसनभाईच्या दारात होतो. त्याने आम्हाला पाहुण्यासारखं बसवलं. स्क्रिप्टमध्ये फक्त ‘आसरा देणे’ लिहिलं होतं, पण कोकणी माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. दुबईत अल मनखूलला राहणाऱ्या त्याच्या बहिणीने मोठा डबा दिला होता. त्यात सांदणं आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्याच्या माणसांनीही आपापले डबे उघडले. खजुराची पेटी मध्ये ठेवली. आम्ही दहा जण तुटून पडलो. साडेसातपर्यंत सगळं साफ. पाण्याच्या बाटल्यासुद्धा आम्हीच भरून घेतल्या.

मग कॉफी आली. छोट्या बिनदांड्याच्या पेल्यात, ज्याला तिथे फिंजान म्हणतात. कडू. मी पहिला फिंजान शिस्त म्हणून घेतला, दुसरा जुलमाने. नको असेल तर पेला हातात हलवायचा, एवढं सालेमने शिकवलं होतं. मी हलवला.

“अजून एक घ्या, हवालदारसाहेब.”

“नको.”

“एकच. तिसरा घ्यावा.”

“हसनभाई, तुमच्या पाया पडतो. नको.”

त्याने कॉफीची सुरई खाली ठेवली. मी मनात माझ्या चहापुडीची आठवण काढली.

११०५ ला रेड फोर्स आली. सहा गाड्या. आमचा रेडिओ बोलतोय हे त्यांना कळलं होतं, पण कुठल्या घरातून हे माहीत नव्हतं. कॅप्टन राशिदने घरं तपासायचे कष्ट घेतले नाहीत. त्याने टाकीचा वॉल्व बंद केला, जनरेटर बंद केला आणि रस्त्यावर चेकपोस्ट टाकली. लाउडस्पीकरवर हिंदीत सांगितलं, “मेहमान दे दो, पानी ले लो. खाना भी.” गावकऱ्यांसाठी बाराला येणारी बिर्याणीची गाडी चेकपोस्टवर अडवली. सरावाचे अंपायरही तिकडेच बसले होते. रेडला असा वेढा घालायची मुभा होती.

मी मागच्या खोलीत रेडिओवर होतो.

“टायगर, टायगर थ्री. सहा गाड्या, चाळीस माणसं, गावाला वेढा. ओव्हर.”

“टायगर थ्री, टायगर. होल्ड करा. सोळाशे. ओव्हर.”

“होल्ड करतो. आउट.”

१२३० ला हसनभाई आत आला. “अजून किती वेळ?”

“सोळाशे.”

“आमची माणसं साडेचारला उठलीत. पोटात काही नाही. उस्मानचाचा साखरेचा पेशंट आहे. गोळी घेऊन बसलाय, त्याचे हात थरथरतायत.”

“सरावच आहे हो, हसनभाई. थोडं सोसा.”

१३४० ला तो परत आला. दारात उभा राहिला. बाहेरून बिर्याणीचा वास येत होता. माझ्या हातात आमच्या रेशनमधलं शक्करपाऱ्यांचं पाकीट होतं, अर्धं संपलेलं. पाठीवरच्या पिशवीत आणखी दोन होती. त्याने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेला. मी एक शक्करपारा तोंडात टाकला.

१३५२ ला दार उघडलं. पुढे कॅप्टन राशिद, मागे सहा रायफली. पंधरा सेकंदांत दहाही पट्टे टीं टीं करायला लागले. सावंत आनंदाने आडवा झाला. राशिदच्या मागे हसनभाई उभा होता. त्याने नजर चुकवली नाही.

“माफ करा. माझी बत्तीस माणसं आहेत.”

बाहेर बिर्याणीची गाडी गावात शिरली. उस्मानचाचाला आधी संत्र्याचा रस दिला गेला. आमची कंपनी १६०० ला आली आणि सरळ रेडच्या तोंडात गेली. सराव हरलो.

मेलेल्यांच्या तंबूत माझी पोरं संत्री सोलत होती, हसत होती. मी टोपी जमिनीवर आपटली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका खेळासाठी हवालदार एवढा का चिडला, ते त्यांना कळेना. मी खेळावर चिडलोच नव्हतो.

त्याच्या बारा वर्षं आधी उत्तरेकडच्या डोंगरात आमची गस्तीची तुकडी एका मेंढपाळाच्या घरी थांबली होती. सहा जण. माझ्याबरोबर नाईक बाळू शिंगाडे होता, माझ्याच तालुक्यातला, माझ्याच भरतीचा. म्हातारा-म्हातारीने आम्हाला जेवू घातलं, झोपायला घोंगड्या दिल्या. पहाटे ‘मेंढरं बघून येतो’ म्हणून म्हातारा बाहेर पडला. ०५४० ला ओढ्यावर आमच्यावर फायरिंग झालं. ०५५५ ला बाळू गेला. पुढे चौकशीत कळलं की अतिरेक्यांनी म्हाताऱ्याचा मुलगा उचलून नेला होता. सैनिक आले की खबर द्यायची, नाहीतर मुलगा मिळणार नाही. मी ते ऐकलं आणि बारा वर्षं त्या म्हाताऱ्याला रोज शिव्या दिल्या. जेवू घालून मारतो तो माणूसच नव्हे, असं माझं पक्कं मत होतं.

१७०० ला सरावाच्या आढाव्याची डीब्रीफ झाली. हसनभाईला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. सुपरवायझर तावातावाने म्हणाला, “सर, यह आदमी स्क्रिप्ट के बाहर गया. मैं इसको आजही वापस भेजता हूँ.” आमचे मेजर सरावाचे प्रमुख अंपायर होते. त्यांनी हसनभाईला कारण विचारलं. बाजू मांडायची ती एकच वेळ होती, पण तो भुकेबद्दल, चाचाच्या साखरेबद्दल एक अक्षर बोलला नाही.

“सर, यांनी तिसरा फिंजान घेतला नाही.”

अमिराती सैनिक हसायला लागले. कॅप्टन राशिदने कपाळावर हात मारला. सार्जंट सालेमने आम्हाला समजावलं. जुन्या बदूंची रीत अशी, की पहिला फिंजान पाहुण्याचा, दुसरा मजेचा आणि तिसरा तलवारीचा. तिसरा घेतला की यजमान आणि पाहुणा एकमेकांसाठी लढायला बांधले जातात. नाही घेतला, तर नाही.

“मी दोनदा विचारलं, सर,” हसनभाई म्हणाला. “माझ्या जुन्या अरबाबने, म्हणजे मालकाने, शिकवलं होतं. हवालदारसाहेबांनी पेला हलवला.”

आता आमची कंपनीही हसत होती. मेजरांना मात्र हसू दाबावं लागलं. “हवालदार पवार, सेक्शन कमांडर तुम्ही. तुमचं स्टेटमेंट लिहून घेतो. गाव शत्रू की मित्र?”

शत्रू म्हणालो असतो, तर हसनभाईची नोकरी त्याच रात्री गेली असती, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. त्याला ते माहीत होतं. त्याची बोटं शिट्टीच्या दोरीशी चाळा करत होती. मला खरंच शत्रू म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण माझा हात खिशात होता, आणि खिशात ते पाकीट होतं.

“सर, गाव मित्र आहे. यांनी सकाळी त्यांचं सगळं अन्न आम्हाला दिलं. शेवटचा खजूरसुद्धा मीच खाल्ला. दुपारी त्यांच्या माणसाचे हात थरथरत होते, तेव्हा माझ्याकडे शक्करपाऱ्यांची तीन पाकिटं होती. मी एक तुकडाही दिला नाही. दिला असता तर आम्ही सोळाशेपर्यंत टिकलो असतो. चूक माझी आहे.”

मेजरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. सुपरवायझरकडे वळून म्हणाले, “हा मुखिया मला शेवटपर्यंत इथेच हवा. सगळ्या सरावात खऱ्या गावासारखा वागलेला हा एकच माणूस आहे.” सुपरवायझरने ‘येस सर’ म्हणून मान हलवली.

बाहेर आल्यावर हसनभाईने माझा हात दोन्ही हातांत धरला. “हवालदारसाहेब, नोकरी वाचवलीत.”

“उद्या तिसरा पाजा,” मी म्हणालो. “पकडून दिलंत तर बघा मग.”

दुसऱ्या दिवशी मी चार घेतले. दोन दिवस झोप आली नाही. जाताना चहापुडीचा उरलेला किलो मी उस्मानचाचाला दिला. साखर घालू नका म्हणालो. तो म्हणाला, “इन्शाल्ला,” म्हणजे घालणार होता. व्हिसा रिन्यू झाल्याचा हसनभाईचा फोन मार्चमध्ये आला.

त्याच मार्चमध्ये मी सुट्टीवर होतो. दरवर्षी बाळूच्या पुण्यतिथीला मी त्याच्या आईकडे जातो. दरवर्षी ती एकच विचारते, “शेवटचं काय खाल्लं होतं रं त्यानं?” बारा वर्षं मी ‘आठवत नाही, आई’ म्हणून पुढचं बोलणं काढत आलो. त्या घराचं नाव मला तिच्यासमोर काढवत नव्हतं.

या वेळी सगळं सांगितलं. मक्याची भाकरी होती, मोहरीची भाजी होती, वर लोण्याचा गोळा. बाळूने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवी मागितली. म्हातारीला मराठीतच म्हणाला, ‘आई, हात लई गोड हाय तुझा.’ तिला शब्द कळला नसणार, पण ती हसली आणि अजून लोणी वाढलं. झोपताना बाळू मला म्हणाला, ‘पवार, आज घरी जेवल्यासारखं वाटलं.’ मग त्याच घरातून खबर गेली, तेही सांगितलं. मुलाला उचललं होतं, तेही.

तिने पदराच्या टोकावरून बोटं फिरवली. बाळूच्या फोटोकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, “मग त्यांचा पोरगा आला का परत?”

मी म्हणालो, “माहीत नाही, आई. बारा वर्षांत कधी विचारलंच नाही.”

“विचारायचं की रं,” ती म्हणाली.